न ओढलेला दोर

देवीशी मी अबोला धरला होता. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण खरं तेच आहे. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा मी गप्प बसलो. दुसरं जन्मलं, एकदा रडलं आणि गेलं. त्यानंतर माझं आणि देवीचं बोलणं बंद झालं. सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मात्र चालूच राहिलं. ती तलासरीला शाळेत शिकवायची. शाळेच्या मागे देवीचं एक छोटं कौलारू देऊळ आहे. मंगळवारी शाळा सुटली की ती तिथे जायची आणि मी डहाणूहून स्कूटर घेऊन तिला आणायला जायचो. गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे, पाठ झिजून गुळगुळीत झालेलं. आधी कासवाला हात लावायचा आणि मग देवीपुढे जायचं, ही रीत. मी कासवाच्या अलीकडेच, पायरीवर, तिची पर्स मांडीवर घेऊन बसायचो. गुरव म्हणायचे, "साहेब, आत या की." मी म्हणायचो, "बरा आहे इथेच, वारा लागतो." मनात मात्र धुसफुसत असायचो, की बाई, मी बुडत होतो तेव्हा तू हात धरून ओढलं नाहीस, आता नमस्काराची अपेक्षा कशाला करतेस.

बुडण्याची भाषा माझ्या तोंडात होती, कारण माझा धंदाच तो. ऐंशीच्या दशकात मी भर समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर पाणबुड्या होतो. पाण्याखाली जाऊन पाइप जोडायचे, खांब तपासायचे. त्या कामात पाणबुड्याच्या पाठीला एक जाड नळी असते. तिच्यातून हवा येते, बोलायची तारही तिच्यातूनच जाते, आणि वर बोटीवर एक माणूस ती नळी हातात धरून सतत उभा असतो. तो जेवायला जात नाही, गप्पा मारत नाही, त्याचं काम नळी धरणं एवढंच. काम झालं की आपण म्हणायचं, "वर घे," आणि तो घेतो. बोलायची तार बिघडली तर नळीबरोबरच्या दोराला झटके द्यायचे. एक झटका म्हणजे थांब. कितीही अंधार असो, वाट शोधायची नसते. मागे हात केला की नळी असतेच. वर्षानुवर्षं असं काम केलं की ती नळी अंगाचाच भाग होते.

पुढे ते काम सुटलं आणि मी डहाणूला घरी येऊन राहिलो. पण पाण्याची खोड जाईना. बोर्डीला चिकूची वाडी असलेला माझा मित्र रुस्तम, त्याला बुडालेल्या जहाजांचं वेड होतं. जुन्या कामातले आणखी तिघं सोबती, रुस्तम आणि मी, असे आम्ही पाच जण जमलो. हवेच्या टाक्या, टाक्या भरायचं यंत्र, दिवे, सगळं रुस्तमने हौसेने आणवलं. आधी किनाऱ्याजवळचा एक बुडालेला पडाव, म्हणजे मालाची शिडाची होडी, पाहिला, मग दूरवरचं एक मालवाहू जहाज ठरलं. धाकट्या डहाणूचे कोळी नामदेव तांडेल आम्हाला आपल्या बोटीतून नेणार होते. त्यांच्या बापजाद्यांची जाळी त्या जहाजावर अडकून फाटलेली, त्यामुळे जागा त्यांना पाठ.

तेव्हा सुनंदाला सातवा महिना होता. आम्ही दोघं त्या विषयावर बोलतच नव्हतो. झोपलेल्या माणसाच्या खोलीत वावरावं तसं घरात वावरत होतो. मी जातो म्हटल्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी राहिलो असतो. तिने फक्त विचारलं, "या नव्या प्रकारात नळी नसते ना? टाक्या तुमच्याच पाठीवर?" मी हो म्हटलं. "मग वर तुमचा दोर कोण धरणार?" मी थट्टेने म्हणालो, "तुझी देवी आहे ना, तिला सांग." ती हसली नाही. "सांगते," म्हणाली, आणि माझ्या पिशवीत एक नारळ ठेवून स्वयंपाकघरात गेली.

दिवाळी होऊन गेली होती, पाणी निवळलं होतं. भरती आणि ओहोटीच्या मधे समुद्र थोडा वेळ थांबतो, त्या वेळात उतरायचं असं ठरलं. जहाजाच्या जागी पोहोचलो तर जवळच एक पिवळा पिंप तरंगत होता, त्याला दोर बांधलेला. कुणाचं तरी जाळं खाली जहाजात अडकलेलं. ते तोडून टाकायचं जिवावर येतं, म्हणून दोराला पिंप बांधून ठेवायचा आणि पाणी थांबेल त्या वेळी येऊन सोडवायचं, ही कोळ्यांची पद्धत. मला तो दोर आवडला नाही. खाली पाणबुड्याला जाळ्यासारखा वैरी नाही. मी सुरी काढली आणि म्हणालो, "कापून टाकतो, कटकट नको." नामदेवकाकांनी माझं मनगटच धरलं. "सुरी ठेव बाबा. दुसऱ्याचा दोर दर्यात कापायचा नाय. कोनाच्या तरी पोटाचा दोर हाय तो." मी पुटपुटत सुरी म्यानात घातली. नारळ पिशवीतच राहिला होता, तो नामदेवकाकांनीच काढून नाळेवरून, बोटीच्या पुढच्या टोकावरून, समुद्रात सोडला.

खाली जहाज एका कुशीवर झोपल्यासारखं होतं. बाकीचे तिघं त्याच्या दुसऱ्या टोकाकडे गेले. रुस्तम माझा जोडीदार. तो मालाच्या कोठाराच्या दाराशी दिवा घेऊन थांबला आणि मी आत गेलो. नळी नसलेल्या पाणबुड्याने आत जाताना दाराशी एक बारीक दोरी बांधायची, तिचं रीळ हातात धरून ती सोडत जायचं आणि परतताना तीच धरून यायचं. दोरी सोडली की संपलं, हे नियमांतलं पहिलं वाक्य. आत एक लोखंडी झडप अर्धवट उघडी होती. ती सरकवायला मला दोन्ही हात हवे होते. मी रीळ सोडून दिलं. विसरलो असंही नाही. माझ्या अंगाला पक्कं ठाऊक होतं की पाठीला नळी आहे, मागे हात केला की सापडेल. इतक्या वर्षांची सवय हो ती. झडप हलली आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळ उसळला. दिवा डोळ्यांशी धरला तरी दिसेना. मी मागे हात केला. मागे काहीच नव्हतं.

घाबरलो. खोटं कशाला सांगू. हाताने चाचपत भिंत धरली, ती कुठे जाते कळेना. हवा मोजकी होती आणि घाबरलेला माणूस ती भराभर ओढतो. रुस्तमचा दिवा दिसेना. सुनंदा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती ती दिसली, आणि मला रडू आलं. मुखवट्याच्या आत रडताही येत नाही नीट. मग तोंडातल्या नळकांड्यातूनच मी जुन्या सवयीने म्हणालो, "वर घे." कोण ऐकणार होतं? वर माणूस नव्हता, तार नव्हती. दुसऱ्यांदा मात्र तोंडून निघालं, "आई, वर घे." इतक्या वर्षांत देवीशी बोललेला तो पहिला शब्द. अबोला मोडला तो असा, रागालोभाचा हिशेब बाजूला राहिला.

मी हात वर केले आणि बोटांना दोर लागला. जाड, शेवाळलेला, कोळ्यांचा दोर. फाटलेलं जाळं वरच्या उघड्या तोंडातून कोठारात लोंबत होतं, त्याचा दोर माझ्या डोक्यावर होता. सकाळी मी कापायला निघालो होतो तोच. तो धरून मी हळूहळू वर सरकलो, जाळ्यातून एक पाय सोडवला आणि जहाजाच्या बाहेर आलो. हिरवा उजेड दिसला. पण सुटका झाली नव्हती. एवढ्या खोलातून माणूस सरळ वर आला तर रक्तात बुडबुडे होतात, हातपाय लुळे पडतात, जीवही जातो. ठरलेल्या खोलीवर थांबत, दोराला लटकून वाट बघत वर यावं लागतं. आणि नेमका तेव्हा दोर वर जाऊ लागला. वर कुणीतरी तो ओढत होतं. सोडावा तर उघड्या समुद्रात पाणी मला कुठेही नेणार, धरावा तर मी फडफडत वर जाणार. मी हातातल्या बळाने एक झटका दिला. एक झटका म्हणजे थांब.

दोर थांबला.

त्यानंतर तो हलला नाही. ताणलेला राहिला, कुणीतरी धरून असल्यासारखा, पण ओढला गेला नाही. मी एका खोलीवर थांबलो, अडीअडचणीसाठी कमरेला बांधलेली छोटी टाकी तोंडाला लावली, आपल्या हाताने थोडा वर आलो, पुन्हा थांबलो. सगळा वेळ दोराला गाल लावून होतो. वर माझ्या जुन्या कामातला, खुणा जाणणारा माणूस उभा आहे असंच वाटत होतं. इतकं शांत मला दुसरं मूल गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

डोकं पाण्याबाहेर काढलं तर समोर अनोळखी होडी. तिच्या काठावर पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे, दोर दोन्ही हातांत धरून वाकलेले. मला बघून त्यांनी आधी हात जोडले आणि मग ते पोट धरून हसायला लागले. उंबरगावकडचे होते, बोली अर्धी मराठी, अर्धी गुजराती. पाणी थांबेल म्हणून आपलं अडकलेलं जाळं सोडवायला आले होते. नामदेवकाका लांबून हात हलवून, शिव्या देऊन त्यांना "दोर सोडा, खाली मानसं हायत" म्हणून ओरडत होते. वाऱ्यात शिव्या तेवढ्या पोहोचल्या. डहाणूच्या आणि तिकडच्या होड्यांची मासेमारीच्या जागेवरून भांडणं नेहमीचीच. म्हाताऱ्यांना वाटलं, हे पण तेच, आणि त्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

मी विचारलं, "काका, तुम्ही ओढत होता, मग थांबलात का?" ते म्हणाले, "अरे भाई, दोरीने झटको मारला ना. वर बुडबुडा पन येत होता. आमी समजलो काचबो अटकला हाय." काचबो म्हणजे कासव. "काचबाला ओढायचा नाय. तो देवनो जीव. ओढला तर दोरी त्याचा हातपाय कापते. आपन नुसती धरून बसायची. त्याला श्वास घेवा वर यायलाच लागते, आपसूक येते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आला ना?"

मी त्यांच्या होडीत आडवा पडलो आणि मनसोक्त रडलो. त्यांनी माझ्या पायावर गोणपाट टाकलं. रुस्तम नियमाप्रमाणे वेळ संपल्यावर वर आला होता आणि नामदेवकाकांच्या बोटीत डोकं धरून बसला होता. मला बघून आधी त्याने मला मिठी मारली आणि मग पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला. "साला, आता सुनंदाला कायतरी सांगायचं म्हणून मी शब्द गोळा करत होतो," एवढंच म्हणाला.

घरी सुनंदाला मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती बराच वेळ माझ्या तळहातावरचे दोराचे वळ बघत बसली. मी विचारलं, "तू देवीला काय सांगितलं होतंस?" ती म्हणाली, "मागायचं काही धैर्य नव्हतं हो आता माझ्यात. मागून दोनदा झालं होतं. इतकंच म्हटलं, धरून ठेव." पुढच्या मंगळवारी मी तिच्याबरोबर देवळात गेलो. पायरीवर थांबलो नाही. कासवाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो उचलवेना. गुरवांनी बाजूला सरकून जागा दिली.

हा चमत्कार की योगायोग, यावर मला वाद घालायचा नाही. त्या म्हाताऱ्यांना तर आपण कासव सोडवतोय असंच वाटत होतं. आमची दोन मुलं का गेली, ते मला आजही कळलेलं नाही, आणि कुणी समजावूही नये. पण देवीने ओढलं नाही म्हणून मी रुसलो होतो, आणि त्या दिवशी मला कुणी ओढलं असतं तर मी मेलो असतो. कुणीतरी दोर नुसता धरून होतं, माझं मला वर येऊ देत होतं. त्या वाईट वर्षांतही तो कुणीतरी धरलेलाच असेल. मला ओढ जाणवली नाही म्हणून मी तो नाहीच असं धरून चाललो. आता मी देवीपुढे उभा राहिलो की काही मागत नाही, नुसता हात जोडून उभा असतो.

माघात आम्हाला मुलगी झाली. ती चालायला लागल्यापासून देवळात गेली की थेट कासवाच्या पाठीवर जाऊन बसते आणि उठायचं नाव घेत नाही. सुनंदाला घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो, अंधारून येत असतं, गुरवही कडी लावायला खोळंबलेले असतात. "अहो, उचला ना तिला," सुनंदा म्हणते. मी उचलत नाही. तिचं बोट धरून शेजारी बसतो. मन भरलं की ती आपली आपण उठते.