सोडलेली जागा

माझ्या मेव्हण्यांइतकी सावकाश गाडी चालवणारा माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल, आणि मागून येणाऱ्यांच्या तेवढ्या शिव्या खाल्लेलाही. सैन्यात त्यांनी ट्रक चालवले, पण घरच्या गाडीत बसताना डावी चप्पल काढून ठेवायचे. क्लच तळपायाला कळतो म्हणे. गर्दीत ॲक्सिलरेटरला पाय न लावता, क्लच केसभर सोडत गाडी अशी रांगत न्यायचे की शेजारून चालणारी म्हातारी पुढे निघून जाई. शिवाय पुढच्या गाडीपासून बैलगाडी मावेल एवढी जागा सोडायची. त्या जागेत कुणी ना कुणी मोटारसायकल घुसवायचाच. मी चिडलो की म्हणत, "घुसू द्या की दाजी. त्याला घाई हाय, आपल्याला न्हाई."

त्या दिवशी मात्र मला घाई होती. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. सांगलीहून विट्याला नेताना जरासुद्धा धक्का बसू द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. ती मागच्या सीटवर आडवी. ऐन उसाचा हंगाम, आणि चढावर आमच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागे एसटी चिकटलेली, तिचा हॉर्न थांबेना. गाडी गचका खाईल म्हणून माझा जीव मुठीत, आणि उशीर होतोय म्हणून तोंड सुटलेलं. "पाव्हणं, जरा पुढं घ्या की! एवढी जागा कुणाला आंदण दिलीय?"

त्यांनी जागा तेवढीच ठेवली. तेवढ्यात ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली आणि ट्रॉल्या मागे सरकू लागल्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मेव्हण्यांनी स्टिअरिंग डावीकडं वळवलं, अनवाणी पाय हळूच सैल केला, आणि त्या सोडलेल्या जागेतून गाडी रांगत साईडपट्टीवर उतरली. ट्रॉली आमच्या आरशाला चाटून मागे गेली. एसटीतल्या लोकांनी उड्या टाकून ट्रॉलीच्या चाकांखाली दगड लावले, तेव्हा कुठे ती थांबली. मागून बायको झोपेत पुटपुटली, "दादा, विटा आलं व्हय?"

घरी पोचल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, "मी ओरडलो, डावीकडं घ्या, म्हणून वाचलो." मेव्हणे समोरच बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला. पुढं प्रत्येक लग्नात, बारशात मी हाच किस्सा रंगवला, आणि ते मान डोलवत राहिले.

आता त्यांचे गुडघे गेलेत. गाडी मी चालवतो, ते शेजारी बसतात, डावी चप्पल काढूनच. परवा बाजारातल्या गर्दीत धीर करून म्हणालो, "पाव्हणं, त्या दिवशी मी ओरडलोच नव्हतो."

त्यांचा अनवाणी पाय समोरच्या मॅटवर हळूहळू दाबला गेला, तिथं क्लच असल्यासारखा.

"ठावं हाय दाजी," ते म्हणाले. "पुढं बघा. जागा सोडा."