इबटसनांच्या खोऱ्यातली थर्झा

आमच्या यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात दगड भिरकावला, तर तो एखाद्या इबटसनलाच लागायचा. त्यामुळे आडनावाने कुणी कुणाला ओळखतच नसे. सायलसचा नाथन, नाथनची थर्झा, अशी बापाच्या नावावरून ओळख. थर्झाच्या मुलाला, जोएलला, मात्र सांगायला बाप नव्हता. लोकर खरेदीला आलेला एक गोडबोल्या उन्हाळाभर राहिला आणि पसार झाला. नाथनने लेकीला घराबाहेर काढलं. तिचं नाव पुन्हा तोंडाने घेणार नाही, असं त्याने चॅपलच्या दारात सगळ्यांदेखत सांगितलं आणि ते पाळलंही. असला हट्ट पाळायला फार अक्कल लागत नाही.

थर्झाने माळाच्या कडेचं एक पडकं खोपटं भाड्याने घेतलं. ढासळलेल्या दगडी भिंती स्वतः रचल्या. पाठीला पोर बांधून मेंढ्या राखल्या. बर्फात जन्मलेली कोकरं चुलीपाशी उबेला ठेवली आणि स्वतः ओटच्या भाकरीवर दिवस काढले. कुणाची मेंढी अडली, की थर्झाला नाकं मुरडणाऱ्या बायकांचे नवरे मुकाट्याने तिच्या दाराशी यायचे. ती शिव्या घालत जायची, पण जायची. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

जोएल मोठा झाला, त्याचा स्वतःचा कळप झाला. खांद्यावर तांबडा पट्टा, ही त्याच्या मेंढ्यांची खूण. पण गावाच्या लेखी तो अजून 'माळावरचा पोरगा'च होता.

नोव्हेंबरात खानावळीच्या अंगणात मेंढपाळांचा मेळा भरायचा. माळावर चुकलेल्या मेंढ्या तिथे आणायच्या, खूण बघून मालकाच्या नावाने हाक द्यायची. ज्याला हाक आली, तो खोऱ्यातला मेंढपाळ. थर्झाच्या आणि जोएलच्या चुकलेल्या मेंढ्या मात्र कुणीतरी गुपचूप तिच्या फाटकाशी सोडून जायचं. हाक देण्याचा मान नाथनचा होता, आणि त्याला तिचं नाव घ्यायचं नव्हतं.

त्या वर्षी जोएल म्हणाला, "आई, यंदा माझी मेंढी मेळ्यालाच आणा म्हणून सांगितलंय, मी तिथे उभा राहणार. हाक आली नाही, तर कळप विकून ब्रॅडफर्डच्या गिरणीत जातो. चोरासारखं किती दिवस जगायचं?"

"जा हो, जा," थर्झा म्हणाली. "गिरणीतला धूर खाऊन पोट भरेल." आणि तिने पाठ फिरवली, कारण तिचे डोळे भरून आले होते.

मेळ्याच्या दिवशी ती खानावळीच्या स्वयंपाकघरात पीठ मळून मटण भरलेल्या पाई भाजायला आली. खिडकीतून अंगण दिसत होतं. एकेक मेंढी जात होती. मग तांबड्या पट्ट्याची मेंढी पुढे आली आणि नाथन थांबला.

"काय रे नाथन," क्लेम नावाचा एक जाडा इबटसन म्हणाला, "बापाचं नाव सापडेना वाटतं?"

दोघं-तिघं हसले. जोएलने मान खाली घातली नाही. नाथनने त्याच्याकडे पाहिलं आणि मग क्लेमला विचारलं,

"क्लेम, तू इबटसन ना?"

"म्हणजे काय! पिढ्यान्‌पिढ्या."

"मग इबट कोण होता?"

"असेल कुणी मूळ पुरुष."

"पुरुष नव्हता, बाई होती. इझाबेलला जुने लोक लाडाने इबट म्हणत. तिच्या लेकाला बापाच्या नावाने कुणी ओळखलं नाही, इबटचा 'सन', म्हणजे इबटचा लेक, म्हणूनच ओळखलं. तेच आपलं आडनाव झालं. नवरा मेला होता, पळाला होता की नव्हताच, हे कुणाला ठाऊक नाही. या पोराच्या बारशाला पाद्रीबुवांनी माझ्या घरी येऊन हे मला सांगितलं होतं. मी त्यांना दार दाखवलं. गाढव होतो मी."

नाथनने घसा खाकरला. मग त्याची हाक पार स्वयंपाकघरापर्यंत आली.

"थर्झाचा जोएल! ये, तुझी मेंढी घेऊन जा."

जोएल पुढे झाला. खानावळवाली धावत आत आली. "अगं थर्झे, लेकाला हाक आली! ऐकलंस का?"

थर्झा पिठाच्या हातांनी तोंड झाकून खाली बसली होती.

"बाबांनी माझं नाव घेतलं," ती म्हणाली.