गायरानावरची सही

बडनेऱ्याला गाडी पहाटे लागली आणि पुण्याची थंडी म्हणजे नुसती तोंडओळख होती हे कळलं. भाची मुग्धा न्यायला आली होती. सागाची लागवड करणाऱ्या एका कंपनीत ती आहे. लागवडीआधी गावकऱ्यांशी बोलून त्यांची संमती मिळवणं हे तिचं काम. "मावशी, आज सभा आहे, तूही चल," म्हणाली. वाटेत अमरावतीत गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा, वर तिखटजाळ चटणी) खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवलीच.

मोर्शीकडे जाताना दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. मुग्धाचं मात्र बागांकडे लक्ष नव्हतं. या गावाची संमती मिळाली तर तिची नोकरी पक्की, नाहीतर मार्चमध्ये घरी बसायचं.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. मागच्या उतारावरच्या गायरानात कंपनीला साग लावायचा होता. सभा अकराला सुरू झाली. सगळे पुरुषच. सरपंचांनी स्वागत केलं, तर्रीपोहे आले, मागोमाग वही फिरली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हाजरी आहे." पोहे खाल्ल्यावर सहीला कसली हरकत? मी केली.

मग मी उतार बघायला निघाले. वाटेत डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या इंदुबाई भेटल्या.

"सभेला नाही आलात?" मी विचारलं.

"कशी येऊ बाई? अकराले आमी साऱ्या बाया वावरात (शेतात) संत्रा तोडून राह्यतो. आज म्हैस बिमार, म्हून मी घरी." त्यांनी भारा उतरवला. "साग लावला त कुंपन घालतीन. मंग माह्या दोन म्हशीले चारा कुठून आनू? माह्यं घर दुधावर चालते. आन् सह्या त झाल्या म्हंतात. तुमी बी केली काय?"

"हजेरीची केली."

"अवो बाप्पा! काहून केली? तुमची म्हैस चरते काय इथं?"

मला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. परत जाऊन वही मागितली. पानाच्या डोक्यावर छापलेलं होतं : 'सदर लागवडीस आमची संमती आहे.'

"मावशी, हजेरी आणि संमती एकाच कागदावर असते. नेहमीचंच आहे," मुग्धा म्हणाली.

मी माझं नाव खोडलं. तिने सह्या मोजल्या. लागत होत्या त्याहून एक कमी.

"घरच्याच माणसाने हे करावं?" एवढंच ती बोलली. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली ही मुलगी. माझा जीव तुटला. पण खोडलेलं पुन्हा लिहिणं काही जमलं नसतं. इंदुबाई काय म्हणाल्या, ते मी तिला सांगितलं. तासभर ती ग्रामपंचायतीच्या पायरीवर वही उलटसुलट चाळत बसली. मग आपणहून उठली आणि सरपंचांना म्हणाली, "सभा पुन्हा घेऊ. पाच वाजता, उतारावर. बायांना सांगा."

पाचला बाया आल्या. हातांना संत्र्याच्या सालींचा वास. इंदुबाई पुढे चालत एका काळ्या दगडापाशी थांबल्या. "याच्या वर मुरूम आहे, गवत येत नाही. थ्या जागी लावा साग. खालतं आमचं गवत. कुंपन नाही." सरपंच कुरकुरले, मग हो म्हणाले. मुग्धाने जुन्या मसुद्यावरून नवा कागद लिहिला आणि हद्द बदलली.

"वाचा," इंदुबाई मला म्हणाल्या. मी मोठ्याने वाचू लागले. शेवटाकडे ओळ आली : 'कंपनीस योग्य वाटल्यास हद्दीत फेरबदल करता येईल.'

"थांबा. त्याईले योग्य वाटलं आन् आमाले नाही वाटलं, त?"

मुग्धाने माझ्या हातातून कागद घेतला आणि ती ओळ खोडली. मग एकेक बाई पुढे येऊन सही करू लागली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मुग्धाने मला मिठी मारली. नोकरीचं काय होणार, तिलाही ठाऊक नव्हतं. "साहेब ओरडतील," ती म्हणाली, "पण ओळ खोडलेलीच राहील."

गाडी सुटल्यावर मला माझी नोकरी आठवली. इस्पितळाच्या कचेरीत तीस वर्षं मी शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रं पुढे सरकवली, बोट ठेवून "इथे सही करा" म्हटलं. घाबरलेल्या माणसांनी मुकाट सह्या केल्या. इंदुबाईंसारखं "वाचा" असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर तो कागद मीही पहिल्यांदाच वाचला असता.