समाधानचं सिबिल

झुलाल आबा मूळचे पिंपळनेरचे. तरुणपणी भुसावळला रेल्वेत फिटर म्हणून लागले आणि तिथलेच झाले. पासावर त्यांनी प्रमिलाबाईंना घेऊन रामेश्वरपासून जम्मूपर्यंत सगळा देश पालथा घातला. राहिलं होतं फक्त अंदमान. तिथे काही रेल्वे जात नाही. दर दिवाळीला फराळ करता करता आबा हसून म्हणायचे, "तथं जावानं म्हणजे इमानच लागी, भाऊ." मुलगा समाधान ते ऐकून घ्यायचा. विमानाचा खर्च त्याच्या पगारात बसण्यासारखा नव्हता.

समाधान जळगावला ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात होता. कुणीतरी त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. क्रेडिट कार्ड घ्या, ठरलेल्या मुदतीत ठरावीक खर्च करा, पॉइंट मिळवा आणि विमानाने फुकट फिरा. त्याच्याकडे एक जुनं कार्ड होतं, पण त्यावर पॉइंट फारसे मिळत नसत. त्याने दुसरं घेतलं, मग तिसरं. मग त्याला नादच लागला. एका बँकेने नाही म्हटलं की तो दुसरीकडे अर्ज टाकायचा. खर्चाचा आकडा गाठायला मित्रांची खरेदी स्वतःच्या कार्डावर करायचा. छगनचा फ्रीज, शेजाऱ्यांचा विम्याचा हप्ता, कुणाच्या मुलीची कॉलेजची फी. ते लोक रोख द्यायचे, आणि समाधान तारखेच्या आत सगळं बिल भरून टाकायचा. व्याजाचा एक रुपया त्याने कधी बँकेच्या घशात जाऊ दिला नाही, याचा त्याला अभिमान होता.

बायकोला, रत्नाला, त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला क्रेडिट कार्ड म्हटलं की धडकी भरायची. आधी तिकिटं दाखवू, मग सांगू, असं तो मनाशी म्हणायचा.

आणि तिकिटं खरंच झाली. आबा आणि आई, दोघांची, जाऊन-येऊन. आबांनी ती छापून घेतली आणि अख्ख्या कॉलनीला दाखवली.

नेमकं त्याच सुमारास समाधानच्या जळगावातल्या घरमालकांनी, प्रेमराजभाऊंनी, मुलाकडे नाशिकला जायचं ठरवलं. तळमजल्यावरची ही जागा ते विकणार होते. "तुम्ही इतकी वर्षं राहताय. आधी तुम्हाला विचारतो," ते म्हणाले. रत्ना त्याच घरात ब्लाउज शिवायची. रस्त्यावरून दिसणारी तिची मशीन म्हणजेच तिची पाटी होती. तिने भिशीतून साठवलेले पैसे इसार म्हणून दिले. कर्ज मंजूर होऊन ठरल्या तारखेला खरेदी झाली नाही, तर इसारावर पाणी सोडायचं, असं कागदावर लिहिलेलं होतं.

बँकेत दोघं बरोबरच गेले. कर्ज विभागाच्या मॅडमनी संगणकावर समाधानचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा आकडा, उघडलं आणि कपाळाला आठी घातली.

"एवढी कार्डं कशाला घेतलीत, पाटीलसाहेब?"

रत्नाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. समाधान घाईने म्हणाला, "मॅडम, मी सगळं बिल वेळेवर भरतो. काही थकलेलं नाही."

"थकलंय. या कार्डाची वार्षिक फी भरलेली नाही."

ते कार्ड त्याने पॉइंट मिळाल्यावर ड्रॉवरात टाकलं होतं. बिल जुन्या ईमेलवर जात होतं. ती ईमेल तो उघडतही नव्हता.

"पण ती किरकोळ रक्कम आहे. बाकी खर्च तर मित्रांच्या खरेदीचा, फ्रीजबिजचा."

"रक्कम किरकोळ, चूक किरकोळ नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "शिवाय प्रत्येक अर्जाला बँक तुमची चौकशी करते, आणि त्याची नोंद राहते. थोड्या काळात इतके अर्ज दिसले, की माणूस पैशाला मोताद झालाय असं वाटतं. कार्डं सगळी नवी. आणि दर महिन्याला मर्यादेच्या काठापर्यंत वापर. तुम्ही नंतर भरत असाल, पण बिल निघतं त्या दिवशीची रक्कम सिबिलकडे कळवली जाते. फ्रीज मित्राचा की तुमचा, ते सिबिलला कसं कळणार?"

"मग आजच सगळी बंद करतो."

"घाई करू नका. सगळी बंद केलीत तर मर्यादा कमी होईल आणि वापर आणखी जास्त दिसेल. जुनं कार्ड तर ठेवाच. फी भरा, वापर कमी करा, नवा अर्ज करू नका. आकडा वर चढायला वेळ लागतो, आणि तोवर कर्ज मिळणार नाही."

वेळच तर नव्हता.

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना रत्ना म्हणाली, "दुसऱ्या कुठल्या बाईपायी खर्च केला असतात, तर भांडता तरी आलं असतं. आई-आबांसाठी केलंत. आता मी कोणत्या तोंडाने बोलू?"

समाधानने तिकिटं रद्द करायचा विचार करून पाहिला. पण पॉइंट परत आले असते, पैसे नाहीत. सिबिलला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दिवसातून कितीदा तरी तो मोबाईलवर सिबिलचा आकडा उघडून बघायचा. आकडा जागचा हलायचा नाही. आपणच सारखं बघतोय म्हणून तो आणखी उतरेल की काय, अशीही भीती वाटायची. तसं होत नाही, हे छगनने समजावलं, तरी पटायचं नाही.

विमान पकडायला निघालेल्या आई-आबांना रेल्वेगाडीत बसवायला तो भुसावळला गेला. आबांनी त्याला बाजूला घेतलं.

"काय व्हयनं रे भाऊ? तोंड काबर उतरेल शे?"

"काही नही, आबा. कामनी दगदग शे."

अंदमानहून फोन आला तेव्हा प्रेमराजभाऊ घरात बसलेले होते. त्यांनी एकदा मुदत वाढवली होती. आता दुसरं गिऱ्हाईक आलं होतं आणि ते थांबणार नव्हते. रत्नाने फोन घेतला. "हो आई, पाणी निळं असतं ना तिथे? जपून उतरा हं होडीतून," ती हसत म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता तिने फोन त्याच्या हातात दिला आणि आत जाऊन नळ सोडला.

प्रेमराजभाऊंनी अर्धा इसार परत केला. कागदाप्रमाणे तेवढंही द्यायची त्यांना गरज नव्हती. जागा गेली.

आबा परतल्यावर समाधानने सगळं सांगून टाकलं. आबांनी सुपारी कातरायची थांबवली.

"मन्हाकरता व्हतं, मन्हालेच सांगं नही तू. बायकोलेबी नही," ते म्हणाले. "इमान चांगलं व्हतं. पन हाई चांगलं नही व्हयनं."

पुढचं वर्ष भाड्याच्या दुसऱ्या घरात गेलं. आकडा मुंगीच्या पावलाने चढला. एकदा काहीच कारण न समजता थोडा उतरलाही, आणि तो आठवडाभर समाधानला घास गोड लागला नाही. शेवटी कर्ज मंजूर झालं. जागा मिळाली ती दुसऱ्या मजल्यावरची, रस्त्यापासून आत. रत्नाची काही गिऱ्हाइकं जिना चढून आली, काही आली नाहीत. तिने खाली फाटकावर कापडी पाटी लावली.

बिलाची तारीख जवळ आली की ती मशीन थांबवते आणि विचारते, "भरलं?" समाधान फोन तिच्यापुढे धरतो. ती स्वतः वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मगच पुन्हा पायडलवर पाय ठेवते.