शिकवलंत की

परवा बँकेत माझ्या शेजारी एक गृहस्थ लेकीसोबत बसले होते. ते शाळेची व्हॅन चालवायचे, पण नजर अधू झाली आणि काम सुटलं. लेकीच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले आणि त्यांनी ते तिच्यापासून लपवलं. तिला कळलं, तशी ती रजा काढून त्यांना बँकेत घेऊन आली. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. परक्या माणसापाशी मन मोकळं करणं सोपं जात असावं.

आमच्या समोरच्याच टेबलावरून बँकेच्या साहेबांनी त्या दोघांना बोलावलं. बोलली लेकच. "मला नोकरी लागली आहे. पगारात बसेल एवढा हप्ता करून द्या. इथून पुढे मी भरते."

साहेबांनी थोडी विचारपूस केली आणि मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल असं सांगितलं.

बाबा पुटपुटले, "तुला मी शिकवायचं ठरवलं होतं गं."

"शिकवलंत की," ती म्हणाली. "म्हणून तर भरू शकते."

लेकरांसाठी आयुष्यभर देत राहिलेल्या माणसाला त्यांच्याकडून घेणं किती जड जातं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो चेहरा हळूहळू सैल झाला.

माझंही काम उरकलं होतं, मी त्यांच्यासोबतच बाहेर पडलो. पायरीवर त्यांनी बायकोला फोन लावला. "अगं, जमलं."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून आवाज आला, "मग आज तरी पोटभर जेवाल ना?"

"जेवीन. आत्ताच भूक लागली आहे," म्हणत ते हसले. लेक तोवर समोरच्या वड्याच्या गाडीवर पोचलीही होती. तिथूनच तिने मलाही हाक मारली, "काका, तुम्हीपण या."

मी गेलो.