टाकीवर चढलेलं इंटरनेट

आमच्या शेजारचे दामूकाका पाण्याची मोटार चालू करण्याआधी तीन शिट्ट्या वाजवतात. शहापुरात राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी त्या ऐकून मी हातातली परात टाकून अंगणात धावले होते. काशीकाकू कुंपणापलीकडे शांतपणे तांदूळ पाखडत होत्या.

"घाबरू नको गो. पानी सोडतायत."

काका एकतीस वर्षं भातसानगरला धरणाच्या दरवाजांवर कामाला होते. दरवाजे उघडण्याआधी वर भोंगा व्हायचा, आणि खाली नदीकाठानं काका शिट्टी फुंकत धावायचे, म्हणजे धुणं धुणाऱ्या बायका आणि म्हशी धुणारे गडी बाहेर निघायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल आणि नारळ दिला. शिट्टी काकांनी आपली आपणच घरी आणली.

"सवय लागलीय," काकू म्हणाल्या. "अंघोळीचा नळ सोडायचा तरी फुंकतात. न्हाणीत म्हैस नाय, बाई नाय. तरी."

एकतीस वर्षं पाण्याकडे बघितल्यावर माणसाला सगळीकडे पाणीच दिसत असावं. लग्नात पंगतीला गर्दी झाली की काका म्हणत, "आवक जास्त झाली, दरवाजे दोनच." माझ्या सासूबाईंचं पोट फुगलं तेव्हा औषध सांगायला मुद्दाम आले होते, "हवा धरलीय पायपात. वरचा व्हॉल्व उघडा." सासूबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण माणूस निर्मळ. आळीत कुणाचंही पाणी अडलं की हे पान्हा घेऊन हजर.

घरही त्यांनी धरणासारखंच बांधलं. प्रत्येक खोलीला उतार, तोही मोजून. आणि स्लॅब पडताना मधल्या खोलीत दोन लोखंडी कड्या सोडून घेतल्या, पाळण्यासाठी. तेव्हा मुलाचं, अक्षयचं, लग्नसुद्धा व्हायचं होतं. पुढं त्याचं लग्न झालं, तो सिंगापूरला जहाज दुरुस्तीच्या कामावर गेला, बायकोला घेऊन गेला, आणि कड्या सहा वर्षं तशाच लटकत राहिल्या. काकू अधूनमधून त्यांना खोबरेल लावत.

दोन हजार आठ संपता संपता सिंगापूरला मुलगी झाली. बारसं जानेवारीतल्या एका रविवारी ठरलं, तिकडंच. आणि लगेच अक्षयचा फोन आला, की बाबा, घरी इंटरनेट घ्या, मी मित्राबरोबर लॅपटॉप पाठवतो, म्हणजे ताई तिथून बाळाचं नाव ठेवील. नाही जमलं तर इथं हिची बहीण रेश्मा आहे, ती ठेवील.

हे वाक्य ऐकलं आणि मुरबाडला दिलेली काकांची लेक अनिता दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं पिशवीसकट हजर झाली.

"आत्या जिवंत असताना मावशी नाव ठेवनार? बाबा, माझा मान हाय तो. एकच भाऊ हाय मला."

"तूच ठेवनार," काका म्हणाले. "माझ्या घरातनं, माझ्या पाळण्यापाशी बसून. शब्द दिला." मग जरा थांबून म्हणाले, "नाव मी सुचवू? सरिता, जलधारा, नायतर भातसा."

"भावाची पोर हाय, कालवा नाय," अनिता म्हणाली.

फोनची वायर होती पुढच्या खोलीत आणि कड्या मधल्या खोलीत. म्हणून वायरलेसची पेटी घ्यायची ठरली. ती जोडायला बुधू लाइनमन आला. चार दिवसांनी म्हसा गावची जत्रा होती, त्याला बैल घ्यायचा होता, त्याचं अर्धं लक्ष तिकडं. त्यानं ती हातभर वायर आणि दोन कान असलेली पांढरी पेटी टीव्हीच्या शोकेसवर ठेवली.

काकांनी टेप लावून उंची मोजली. "साडेतीन फूट?"

"बास झालं ना काका."

"साडेतीन फुटावरनं मधल्या खोलीत कसं जाईल? प्रेशर नको? टाकी कुनी शोकेसवर ठेवतं का रे?"

"काका, हे पानी नाय."

"जे एका जागेवरनं दुसऱ्या जागेला वाहतं ते पानीच. तू काल आलास, बुधू. मी एकतीस वर्षं बघितलंय."

मी तेवढ्यात पेटीबरोबरची पुस्तिका वाचून काढली होती. मी बी.ए. मराठी, पण आळीत कुठलीही पुस्तिका आली, मग ती मिक्सरची असो की खताची, की वाचायला माझ्याकडेच येते. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, की पेटी घराच्या मध्यभागी, उघड्यावर ठेवावी. लोखंडी वस्तू आणि पाण्याचा साठा यांपासून दूर ठेवावी.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वैनी, हे लिहिनाऱ्यानं कधी टाकी भरलीय का?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"मग झालं."

दोन कप चहा आणि एका लाडवानंतर बुधूनं हार मानली. खांबावरून वायर थेट गच्चीत आली, मध्ये एकही झोळ न ठेवता, कारण झोळात हवा धरते. गच्चीच्या कोपऱ्यात हजार लिटरची काळी टाकी लोखंडी चौकटीवर होती. तिच्या शेजारी काकांनी एक लोखंडी पेटारा ठोकला, धरणावर बटणांना असतो तसा, राखाडी रंगाचा, दाराला कुलूप, दारावर लाल रंगात 'धोका' आणि एक कवटी. "माकडांना वाचता येत नाय, म्हनून चित्र," काकांनी मला समजावलं. इंटरनेट त्या पेटाऱ्यात गेलं. पुस्तिकेनं ज्या ज्या गोष्टीला नको म्हटलं होतं, ती प्रत्येक गोष्ट काकांनी अगदी मनापासून केली होती.

पासवर्डही त्यांनीच दिला, धरण काठोकाठ भरल्यावरची पातळी, मीटरमध्ये, दशांश चिन्हासकट. तो घरात त्यांच्याशिवाय कुणाला पाठ होत नसे.

शनिवारी संध्याकाळी चाचणी झाली. काकांनी पेटाऱ्याचं दार उघडलं, तीन शिट्ट्या फुंकल्या, बटण दाबलं. हिरवे दिवे लागले. मी कठड्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्यात एकदम अक्षय दिसला, बनियनवर, दाढी न केलेला. काकू पदर सावरून त्याला नमस्कार करणार होत्या. मिनिटभर बोलणं झालं आणि काकांनी बटण बंद केलं.

"अवो, नातीला तर दाखवायचं!"

"उद्या. वाया नको घालवायला."

"काका, एकदा खाली मधल्या खोलीत बघू या का?" मी विचारलं.

काका हसले. "वैनी, वर एवढं येतंय, तर खाली किती प्रेशर असंल! उलट उद्या थोडा व्हॉल्व दाबावा लागंल."

रविवारी बारशाची वेळ मुहूर्तावर नाही, भारनियमनावर ठरली. लाइट बाराला यायची होती. मधल्या खोलीत त्या दोन कड्यांना पहिल्यांदा पाळणा लागला, भातसानगरच्या क्वार्टरमधला, अनिता आणि अक्षय ज्यात वाढले तो. त्याला झेंडूच्या माळा. बाळ सिंगापूरला, म्हणून पाळण्यात तूर्त नुसता वरवंटा, त्याला काकूंनी विणलेलं गुलाबी टोपडं. आळीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. "नाकीडोळी नीटस हाय हो," कमळमावशी वरवंट्याकडं बघून म्हणाल्या. घुगऱ्यांचं पातेलं निवत होतं.

बारा वाजले. लाइट आली. गच्चीतून तीन शिट्ट्या झाल्या. मी लॅपटॉप उघडला.

काहीच नाही. एक रेघसुद्धा नाही. मी खिडकीशी नेला, दाराशी नेला, पाळण्यात वरवंट्याशेजारी ठेवून बघितला.

काका धडाधड खाली आले. "वर फुल हाय! दिवे हिरवेगार! हवा धरली असंल, खिडक्या उघडा!" खिडक्या उघडल्या. त्यातून फक्त कुत्रं आत आलं.

काकांनी बुधूला मोबाइल लावला. तिकडून घुंगरं, ढोल आणि कुणाचं तरी भांडण असा सगळा म्हसा ऐकू आला. "काका, बैलाच्या तोंडात हात हाय माझा, दात बघतोय!" बुधू ओरडला. "पेटी खाली आना सांगितलं व्हतं ना!"

"आनतो, पन वायर?"

"वायर नाय पुरनार, तुमीच कापलीत मोजून! संध्याकाळी येतो." मग एक मोठा हंबरडा ऐकू आला, बैलाचा की बुधूचा ते कळलं नाही, आणि फोन बंद झाला.

लगेच घरातला फोन वाजला. अक्षय होता. "बाबा, इथं पाहुणे जेवायचे थांबलेत. साडेबारापर्यंत बघतो. नायतर मग रेश्मा ठेवील नाव, चालंल ना?"

काकांनी फोन ठेवला. अनिता नवी पैठणी नेसून पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिनं वरवंट्याचं टोपडं नीट केलं. शब्द दिलेला माणूस दोन कड्यांखाली उभा होता, आणि शिट्टी त्याच्या गळ्यात नुसती लटकत होती. मला पुस्तिकेतला परिच्छेद तोंडपाठ होता. मी तो म्हटला नाही.

बोलल्या त्या काशीकाकू. त्या पातेल्यावर झाकण ठेवून उठल्या.

"अवो, नळाला पानी खाली आलं नाय, तर आपन काय करतो?"

काकांनी मान वर केली.

"हंडा घेऊन टाकीपाशी जातो. उचला पाळना."

"पन कड्या..." काका म्हणाले.

"सहा वर्सं थांबल्या त्या. कुटं जात नायत. उचला!"

मग जी मिरवणूक जिन्यावरून निघाली तशी शहापुरात पुन्हा निघायची नाही. पुढं काका पाळणा डोक्यावर घेऊन, मागं अनिता वरवंटा छातीशी धरून, मग मी लॅपटॉप, मग कमळमावशी घुगऱ्या, आणि बाकीच्या बायका सतरंज्या घेऊन. पाळणा टाकीच्या लोखंडी चौकटीला बांधला. पेटाऱ्याचं कवटीवालं दार सताड उघडलं. लॅपटॉपमध्ये पाचही रेघा उभ्या राहिल्या.

पण डोक्यावर भर दुपारचं ऊन. पडद्यावर आम्हाला आमचीच तोंडं दिसत होती. अक्षयचा आवाज येत होता, "ताई, दिसतंय का?" आणि ताईला फक्त स्वतःची नथ दिसत होती.

"गोधडी!" काकूंनी हुकूम सोडला. कठड्यावर वाळत घातलेली गोधडी अनिताच्या आणि लॅपटॉपच्या अंगावर टाकली. "दिसतंय! अगो बाय, दिसतंय! झोपलीय!" आतून आवाज आला. ते ऐकल्यावर काका राहतायत कुठले? "लेव्हल बघतो," असं पुटपुटत तेही गोधडीत शिरले.

बाहेर बायकांनी पाळणा म्हटला, वरवंट्याला झोका दिला. मी गोधडीची कड उचलून आत डोकावले. अक्षय तिकडचा लॅपटॉप बाळाच्या कानाशी नेत होता. अनितानं तोंड पडद्याला टेकवलं.

"कुर्र... कुणाली!"

"कुर्र" ऐकल्याबरोबर बायकांनी हात उचलले. आत्यानं नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, याची वाट तर त्या सकाळपासून बघत होत्या. आता गोधडीखाली दोन उंचवटे. बायकांनी मोठा धरला.

"अगो मी हाय! दामू! मी हाय गो!" आतून काका ओरडले.

"ठाऊक हाय," म्हणत काशीकाकूंनी आणखी दोन घातले.

आणि आत पडदा थिजला. अक्षयचं तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, बाळाचा एक कान. आवाज बंद.

"गेलं," अनिता म्हणाली. "नाव नाय पोचलं. साडेबारा झाले. आता ती रेश्मा..." तिनं बटणाकडे हात नेला.

"हात लावू नको!" काका पाठ चोळत म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, अगदी हळू आणि खात्रीचा. "आपन सोडलं ना? मग निघालंय ते. कालव्याच्या टोकाला पानी लगेच नाय पोचत, बाय. टोकाच्या शेतकऱ्यानं दरवेळी मला शिव्या दिल्या, आनि दरवेळी त्याला पानी पोचलं. थांब."

आम्ही थांबलो. टाकीत पाण्याचा एक थेंब टपकला, तो सगळ्यांनी ऐकला.

मग अक्षयचं तोंड एकदम मिटलं, पुन्हा उघडलं, आणि तिकडच्या घरात टाळ्या वाजल्या. "कुणाली! ताई, पोचलं गो! नाव पोचलं!" मागून रेश्माचा आवाज आला, "आत्याबाईंच्या पाठीत माझ्या वतीनंही घाला!" ती फर्माईश बायकांनी लगेच पुरी केली. या वेळी पाठ बरोबर सापडली. अनिता मार खात होती, रडत होती आणि हसत होती, आणि "अजून घाला" म्हणत होती.

कुणाली या सगळ्यात झोपलेलीच होती. एवढा दंगा होऊन पापणी हलली नाही.

"चला, बंद करतो आता," काका म्हणाले. बंद करण्याच्या दोन शिट्ट्या असतात. आणि आपण अजून गोधडीत, लॅपटॉपच्या अगदी समोर बसलोय, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांनी छाती भरून फुंकल्या.

पडद्यावर काही क्षण काहीच झालं नाही. मग सिंगापूरला कुणालीनं डोळे उघडले, ओठ काढला आणि असा टाहो फोडला की शिजवलेले हरभरे वाढणाऱ्या कमळमावशी डाव टाकून उभ्या राहिल्या.

काकांचा चेहरा फुलून आला. "बघा! टोकापर्यंत पोचलं!"

"निजलेलं पोर उठवलंत!" काशीकाकू म्हणाल्या. "तेबी सिंगापुरात!" आणि गोधडीवरूनच, नीट नेम धरून, त्यांनी आणखी एक धपाटा घातला.