वाळवीचं औषध घातलेली पुस्तकं

आमच्या कॉलेजने लायब्ररीतली जुनी पुस्तकं काढून टाकायचं कंत्राट वालीवच्या एका माणसाला दिलं, तेव्हा खरं सांगते, मी खूश झाले. ग्रंथपाल मी, पण ते निवडणं, बांधणं आणि धुळीत शिंकत बसणं नकोच झालं होतं. दहा वर्षांत कुणी नेलं नाही ते पुस्तक बाद, एवढाच कंत्राटदाराचा नियम. माणसं आली, गठ्ठे बांधले, संध्याकाळी टेम्पो भरून गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडू मारणाऱ्या मावशींनी रिकाम्या कपाटापाशी हाक मारली, "बाई, ही पांढरी पावडर कसली हो? हाताला झोंबतेय."

आमची लायब्ररी तळमजल्यावर, भिंती वर्षभर ओल्या. दर उन्हाळ्यात खालच्या कप्प्यांतल्या पुस्तकांत आम्ही वाळवीचं औषध भुरभुरत आलोय, अगदी पानापानांत. जालीम विष ते. कंत्राटदाराने विचारलं नाही आणि आमच्यातही कुणाला सांगायचं सुचलं नाही. धन्य सगळे!

कंत्राटदाराला फोन लावला. "लगदा करायलाच पाठवलीत ना हो?"

"छे हो मॅडम, एवढा चांगला कागद लगद्याला कोण घालतंय? सातिवलीच्या गोदामात उतरवलाय. एक गठ्ठा तर समोरच्या वडेवाल्याने सकाळीच उचलला."

रिक्षा करून सातिवली गाठली. गोदामवाल्याला गठ्ठ्यांना हात लावू नका म्हटलं आणि तशीच समोर धावले. गाडीवर आमच्या शिक्क्याची पानं नीट फाडून ठेवलेली.

"थांबा! कागदाला विष आहे!"

गिऱ्हाईक पांगलं. वडेवाला भडकला, "ओ बाई, धंदा बसवताय काय माझा?" मी एक पान झटकून दाखवलं. पांढरं उडालं. तो कसाबसा म्हणाला, "पहिला घाणा मी घरी पाठवतो. पोरींना. ह्याच कागदात."

पिठाच्या हातानेच त्याने फोन लावला, स्पीकरवर. रिंग वाजतेय, वाजतेय. उचल गं बाई, उचल एकदाचा! बायकोने उचलला. "खाऊन झोपल्यात की दोघी."

"उठव!" आम्ही दोघंही किंचाळलो.

कितीतरी वेळ काहीच नाही. मग झोपमोडीचं रडणं ऐकू आलं, आधी एकीचं, मग दुसरीचं. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने त्यांना," मी फोनमध्ये ओरडले.

आणि मग रस्त्याकडे बघत उभी राहिले. सकाळपासून तिथून वडे नेलेल्यांपैकी एकाचंही घर मला ठाऊक नव्हतं.